माळावरच्या दोन खोल्या : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

जागा ठरली. घराच्या मागं, बांधाच्या वरच्या अंगाला जो आठ-नऊ गुंठ्यांचा मुरमाड माळ आहे, त्यावर पैसे देऊन राहायला येणाऱ्या पावण्यांसाठी दोन खोल्या. भाऊजींच्या मनात विहिरीजवळचं खाचर होतं. समोर भात, पाठीमागं ऊस, फोटोत सगळं हिरवंगार. मामा, म्हणजे माझे सासरे, एवढंच म्हणाले, "पिकत्या रानात भिंत घालायची न्हाई." विषय मिटला.

मला माळ पटला तो वेगळ्या कारणानं. खाचरात जून ते सप्टेंबर पाणी उभं असतं, पाया कितीही खाली नेला तरी भिंतीत ओल चढणार. माळावर हातभर खणलं की मुरूम, त्याखाली जांभ्याचा थर. पीक म्हणाल तर नाचणी आणि थोडी वरी, तेही पावसावर. तिथं उभं राहिलं की गोठा, घर, उसाचा फड, खालची भोगावतीकाठची झाडी, सगळं एका नजरेत येतं. पावण्यांना शेत दाखवायचंच तर ते वरून दिसावं, शेताच्या मध्येच त्यांना बसवायची गरज नाही.

अडचण एकच, रस्ता. माळाच्या पायथ्यानं जाणारी गाडीवाट हीच उसाचीही वाट. तोड लागली की ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन तिथनंच बाहेर पडतो आणि त्याला वळायला ऐसपैस जागा लागते. म्हणून खोल्या वाटेपासून तीस फूट मागं घ्यायच्या. पावण्यांच्या मोटारी गोठ्याच्या अलीकडं, चिंचेखाली. वाटेत गाडी लावायची नाही, हा पहिला नियम खोल्या व्हायच्या आधीच ठरला.

१ डिसेंबर २०२४

हिशेब मांडला. रान एकूण पाच एकर. अडीच एकर ऊस, सव्वा एकर भात, बाकी वैरण, माळ, घर, गोठा. चार म्हशी. उसाचे पैसे वर्षातनं एकदा, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी. घर चालतं ते दुधावर, देणी भागतात ती उसावर. यंदा एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलला ३४० रुपये, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात काय येतं ते ऊस लावणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. आडसाली लागण रानात सोळा-अठरा महिने उभी राहते हे धरलं तर महिन्याचा आकडा फार सुखाचा निघत नाही.

पैसे उभे करायचे ते असे : गेल्या हंगामाचं शिल्लक बिल, माझं थोडं सोनेतारण, भाऊजींची बचत. सेवा सोसायटीचं पीककर्ज याच्यात घालायचं नाही. खोल्या चालल्या नाहीत तरी खताला आणि बियाण्याला हात आखडता घ्यायची वेळ येऊ नये.

१२ जानेवारी २०२५

पाया भरला. जांभ्याचा चिरा फोंडा घाट चढून कोकणातनं आला. एक ट्रक आणखी लागेल.

गवंडी आधी विटांवर अडून बसले होते. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून दर्जा (दगडांमधल्या सांधी) भरल्या नाहीत तर आमच्याकडच्या पावसात ती पाणी पिते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण नुसत्या विटांची भिंतही गिलावा केल्याशिवाय टिकत नाहीच की. मग चिराच, बाहेरून दर्जा आणि पश्चिमेकडच्या भिंतीला वरनं गिलावा, कारण पाऊस सगळा त्याच अंगानं झोडपतो. आतली बाजू उघडी ठेवायची. चिऱ्याचा रंगच इतका देखणा की त्यावर कुठला रंग काढायचा?

२ फेब्रुवारी २०२५

आज संडासाच्या टाकीवरनं घरात चर्चा झाली, म्हणजे खरं तर भांडण. टाकी माळाच्या उतारावर कुठं घ्यायची? पूर्वेला घेतली तर खड्डा सोपा, पण त्या उताराच्या तोंडाला विहीर. मुरूम आणि जांभा पाणी झरझर पाझरू देतात. मातीच्या रानात जे पाणी गाळून खाली उतरतं ते इथं सरळ वाट काढून निघतं. विहिरीचं पाणी आम्ही पितो, म्हशी पितात. शेवटी टाकी आणि शोषखड्डा पश्चिमेला, विहिरीपासून चांगला शंभर फूट लांब आणि उलट्या उताराला. पाइप वाढला, खणाई वाढली, एक दगड तर फोडायलाच लागला.

न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी वेगळं काढलंय. ते केळी, कर्दळ आणि अळवाच्या वाफ्यात. आत्यांनी (माझ्या सासूबाईंनी) अळूचे कंद आत्ताच आणून ठेवलेत, खोल्यांना अजून छप्पर नाही.

२३ फेब्रुवारी २०२५

लाकूड मिळालं. कोल्हापुरातल्या एका पेठेत जुनं घर पाडत होते, तिथलं सागवानी आढं, चार तुळया आणि वासे. रिपा नव्या घेतल्या. सुतारानं एकेक वासा ठोकून आवाज ऐकून निवडला. दोन बाजूला टाकले, दिसायला सगळ्यात चांगले तेच होते.

पत्रा घातला असता तर निम्म्यात भागलं असतं. पण आमच्या भागात जुलैत पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मंगलोरी कौलं, आणि पाखं चांगली उभी उतरती. पुढं सहा फुटांचा सोपा (ओसरी), पाऊस तिरका आला तरी खुर्ची भिजू नये एवढा.

१६ मार्च २०२५

विजेचं काम. रानातल्या मोटारीला थ्री फेज वीज मिळते ती आठ तास, कधी दिवसा, कधी रात्रपाळी. खोल्यांची लाइन अर्थात वेगळी, सिंगल फेज. तरी दोन्हीची गाठ पडतेच. रात्रपाळीच्या आठवड्यात हे बाराला उठून मोटार चालू करायला जातात, बॅटरी घेऊन, खोल्यांच्या समोरनंच. पावण्यांना आधी सांगून ठेवायचं, नाहीतर चोर आला म्हणून ओरडतील.

गरम पाण्याला सौर हीटर सगळेच सुचवतात. आमच्याकडं जून ते सप्टेंबर सूर्य दिसतो कुठं? आणि पावण्याला गरम पाणी हवं असतं ते नेमकं तेव्हाच. दोन खोल्यांच्या मधे मागच्या बाजूला बंब. तांब्याचा, माळ्यावर पडून होता, तळाला कल्हईवाल्याकडनं नीट करून आणला. जळणाला उसाचं चिपाड आणि बांधावरचं लाकूड.

३० मार्च २०२५, पाडवा

दोन्ही खोल्यांना चौकटी बसल्या. एका चौकटीला गुढी. कामाला सुट्टी.

१३ एप्रिल २०२५

काल जोतिबाची चैत्र यात्रा, गवंडी आणि मजूर सगळे डोंगरावर. परवापर्यंत कोणी येत नाही. गुलाल धुऊन निघाला की येतील.

तेवढ्यात गोबरगॅसचं उरकलं. जुना संच दोन घनमीटरचा, त्याला रोज पन्नास किलोच्या आसपास शेण लागतं; चार म्हशींचं शेण पुरतं, थोडं उरतंसुद्धा. घुमट गंजला होता तो बदलला. पावण्यांचा चहा आणि नाष्टा याच गॅसवर. उकिरडाही हलवला. वारा वर्षातले बरेच महिने पश्चिमेकडनं, म्हणून उकिरडा आता खोल्यांच्या पूर्वेला, खाली. शेणाचा वास पूर्ण जाणार नाही, जाऊही नये. चार म्हशी आहेत म्हटल्यावर काय अगरबत्तीचा वास येणार?

४ मे २०२५

कागदपत्रं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० सालचं आहे, नोंदणी पर्यटन संचालनालयाकडं होते. सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, वीजबिल, जेवणासाठी अन्न नोंदणी. सातबारा मामांच्या नावावर, अर्ज मामांच्या नावानं, त्यामुळं प्रत्येक ओटीपीला मामांचा फोन. फोन गोठ्यातल्या कोनाड्यात आणि मामा फडात. एका ओटीपीसाठी मी चिखलातनं पळाले तोवर त्याची मुदत संपली.

२६ मे २०२५

असा मे मी बघितला नाही, मामांनीही नाही. वळवाच्या एक-दोन सरी दरवर्षी येतात, त्यांनी आंबे पडतात, धूळ बसते, बस. यंदा महिन्याच्या मध्यापासनं रोजच. मान्सून केरळात १ जूनला यायचा तो २४ तारखेला आला आणि काल तळकोकणात. म्हणजे घाटाच्या पलीकडं. आज आमच्याकडं पहाटेपासनं धरलंय.

पहिल्या खोलीवर कौलं चढलेली आहेत. दुसरीवर वासे आणि रिपा, कौलं खाली रचून. ताडपत्री टाकली ती वाऱ्यानं उचलली, मग कडेला चिरे बांधून लोंबकळत सोडले. दुपारपर्यंत आतल्या भिंती काळपट दिसायला लागल्या. गवंडी म्हणाले, चिरा आहे, वाळंल. वाळेल हो, पण कधी?

खरा घोर खाली आहे. धूळवाफेवर भात पेरायचं तर माती कोरडी पाहिजे. रोहिणी कालच लागली, पेरायची कुरी बाहेर काढून ठेवलेली, आणि खाचरात घोट्याएवढं पाणी. ज्यांनी आधी पेरलं त्यांचं बी कुजतंय. मामा दिवसभर सोप्यात बसून बांधाकडं बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "यंदा रोप लावणच." म्हणजे तरवा टाकायचा, रोप तयार करायचं, चिखलणी, मग लावण. खर्च वाढणार, मजुरी वाढणार. कौलांचं मी विचारलंच नाही आज.

२९ मे २०२५

दोन तास उघडीप मिळाली. सुतार, हे, भाऊजी, शेजारची दोन पोरं, मी आणि जाऊबाई, सगळे लागलो. हातोहात कौलं वर. कोनकौलं बसवता बसवता पुन्हा आला. शेवटची चार-पाच तशीच पावसात बसवली.

७ जून २०२५

पहिले पावणे. ओळखीतले, पुण्याचं जोडपं आणि त्यांची दोन मुलं. काजवे बघायला.

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे असतात, हे आता सगळीकडं पसरलंय. हे अभयारण्य मूळचं गव्यांसाठी, १९५८ सालचं. पुढं १९८५ साली वाढवलं. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात. पण हल्ली मेमध्ये गाड्या येतात त्या काजव्यांसाठी आणि हेडलाइट चालू ठेवूनच उभ्या राहतात. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण. त्यात उजेड घुसला की खूणच हरवते. आम्ही पावण्यांना जंगलात नेलंच नाही. आमच्या ओढ्याला ऐन, जांभूळ आणि एक जुना हिरडा आहे, तिथं नेलं. मोबाइल घरी ठेवायचे, बॅटरी एकच, ह्यांच्या हातात, तिला लाल कागद. पावसामुळं यंदा थोडेच होते. हिरड्यावर मात्र खालपासून वरपर्यंत एक लाट जायची, विझायची, पुन्हा जायची. धाकट्या मुलानं विचारलं, "स्विच कुठंय?"

दुसऱ्या खोलीत अजून ओल आहे. ती देत नाही.

८ जून २०२५

सकाळी साडेपाचला म्हैस हंबरली, धारेची वेळ. बादल्या, चरवी, भाऊजींची मोटरसायकल. आठ वाजता पावणीबाई म्हणाल्या, फार सुंदर आहे सगळं, फक्त सकाळचा आवाज जरा कमी करता येईल का? मी हसून मान हलवली. मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हशीला काय सांगू, पावणं झोपल्यात म्हणून?"

दूध संस्थेत दूध सात वाजायच्या आत पोचलं पाहिजे. म्हणून न्याहारी साडेआठला. त्याआधी कोणाला चहा हवा तर घरात येऊन घ्यावा, चुलीजवळ बसून. साहेबांनी आज सकाळी तसंच केलं. आत्यांशी तासभर गप्पा मारत बसले, बाईंना उठवायला गेलेच नाहीत.

१३ जुलै २०२५

बेंदूर झाला. आता लावण.

आठवड्याला दोन कुटुंबं यायला लागलीत आणि प्रत्येकाला लावण करायचीय. आमच्याकडं लावणीचं काम पैऱ्यावर चालतं. आज आमच्यात दहा बायका, उद्या आम्ही त्यांच्यात. त्या ओळीत नवखा माणूस शिरला की सगळ्या ओळीची चाल मोडते. बाया तोंडावर काही बोलत नाहीत, पण गाणं थांबतं. म्हणून पावण्यांसाठी सगळ्यात वरचं दोन गुंठ्यांचं खाचर वेगळं ठेवलं.

शिकवायचं काम आत्यांकडं. दोन-तीन काड्या एकत्र धरायच्या, अंगठा आणि दोन बोटं, मुळं मोडू न देता चिखलात दीड इंच, बस. शहरातली माणसं रोप खांब पुरावा तसं खोल पुरतात. खोल गेलं की फुटवा कमी. आत्या प्रत्येकाच्या मागं "वर, वर घ्या, दम खाऊ द्या त्याला" म्हणत फिरतात. पावणे खूश होऊन आंघोळीला गेले की परत खाचरात उतरून अर्धं रोप उपसून नीट लावतात. मी म्हटलं, सांगू नका हं त्यांना. म्हणाल्या, "कशाला सांगू? पैसं देऊन चिखलात उतरल्यात ती."

याचे वेगळे पैसे घ्यावेत असं भाऊजी म्हणतात. मला नको वाटतं.

२० ऑगस्ट २०२५

धरणाचे दरवाजे उघडलेत. खालचं वैरणीचं रान पाण्यात. ऊस कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे, दोन-चार दिवसांत उतरलं तर वाचतो, डोळ्यात गाळ बसला तर नाही.

शनिवारचं बुकिंग आम्हीच रद्द केलं. पावण्यांनी विचारलं, माळावर पाणी येणार आहे का? माळावर नाही येत. पण रस्ता कुठं तुटेल सांगता येत नाही. शिवाय घरातली सगळी माणसं वैरण कुठनं आणायची या विवंचनेत असताना पाहुणचार कोण करणार? पैसे पूर्ण परत.

दरवाज्यांबद्दल मात्र सगळेच विचारतात. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. माणूस लागत नाही, पाण्याची पातळी ठरावीक उंचीला पोचली की पाण्याच्याच दाबानं उघडतात, एकातनं १,४२८ क्युसेक. धरण शाहू महाराजांनी हाती घेतलेलं. मामा हे सांगायला लागले की जेवण थंड होतं.

९ सप्टेंबर २०२५

गेल्या आठवड्यात चांदी म्हैस व्याली. रात्री दोनला, रेडी झाली. दोन्ही खोल्यांतले पावणे गोठ्याच्या दारात, शालीत गुंडाळलेले. एक आजोबा आत येऊन भाऊजींना कोमट पाणी देत होते. ते साताऱ्याकडचे, लहानपणी घरात म्हशी होत्या म्हणाले. बाकीच्यांना बाहेरच थांबवलं. व्यायच्या वेळी म्हशीभोवती गर्दी नको, ती बिचकते, वार अडकते.

सकाळी खरवसाची मागणी. आत्यांनी साफ सांगितलं : आधी रेडीचं पोट. पहिल्या काही तासांतला चीक तिच्या अंगाला लागतो तो पुढं जन्मभर. उरला तर घर, मग पावणे. तिसऱ्या दिवशी उरला, गूळ-वेलदोडा घालून वाफवला, पण तोवर ते पावणे निघून गेले होते. पुढच्यांना मिळाला, त्यांना मागचं काहीच माहीत नव्हतं.

२२ सप्टेंबर २०२५

आजपासनं सिमेंटवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के. आमचं सिमेंट कधीच भिंतीत गेलंय. हे पेपर वाचून नुसते हसले.

५ ऑक्टोबर २०२५

गवे. काल रात्री नाचणीत शिरले, पाच-सहा असावेत. माळाच्या वरच्या टोकाला जो तुकडा उरला होता तो निम्मा तुडवला.

दुसऱ्या खोलीतल्या पोरांनी खिडकीतनं बघितलं. सकाळी नुसता आनंदीआनंद : काका, गवा! पांढरे मोजे घातल्यासारखे पाय! त्यांचं खरं आहे, तेवढा मोठा प्राणी वीस पावलांवर चांदण्यात बघायला मिळणं सोपं नाही. आणि मामा त्याच वेळी तुडवलेल्या कणसांत उभे. वनखात्याला कळवलं, पंचनामा होईल. मी पोरांना मामांकडं पाठवलं. मामांनी त्यांना खूर दाखवला, लेंडका दाखवला, गवा वाऱ्याच्या कुठल्या अंगानं येतो ते सांगितलं, किती नाचणी गेली तेही सांगितलं. मग पोरं गप्प झाली आणि पडलेली कणसं वेचू लागली. वेचलेल्यांचं आंबील केलं.

एक नियम वाढला : अंधार पडल्यावर खोलीपासनं घरापर्यंत एकट्यानं चालायचं नाही, घंटा वाजवायची, कोणीतरी न्यायला येईल.

८ नोव्हेंबर २०२५

दिवाळीची गर्दी ओसरली. सुट्टीत दोन्ही खोल्या भरलेल्या, माणशी बाराशे, जेवणखाणासकट. शाकाहारी जेवण रोज : भाकरी, पिठलं, खर्डा, भरलं वांगं, इंद्रायणीचा भात, दही. तांबडा-पांढरा फक्त बुधवारी आणि रविवारी, कारण घरात तेव्हाच मटण असतं. सोमवारी आलेल्या एका गटानं नाराजी दाखवली. कोल्हापुरात येऊन रस्सा नाही? शहरात आहे की, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर.

गावातलं गुऱ्हाळ सुरू झालं, पावण्यांना तिकडं नेते. चरकातनं रस काहिलीत, चुलवाणात जळव्या चिपाड सारत असतो. रस तापला की रानभेंडीचं बुळबुळीत पाणी घालतात, त्यानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रंग बदलतो, हिरवट, पिवळा, तांबूस, आणि बुडबुडे बारीक होत होत जाड होतात. गुळव्या काठीनं थोडा पाक उचलून थंड पाण्यात सोडतो आणि बोटांत गोळी वळते का बघतो. त्या वेळी त्याच्याशी बोलायचं नाही. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गुळाचा रवा (ढेप) काळा पडतो, लवकर उतरवला तर पावसाळ्यात पाझरतो. गोळी वळली की तो नुसती मान हलवतो आणि पाच-सहा माणसं धावून काहील वाफ्यात उलटी करतात. एका आदणाला, म्हणजे एका काहिलीला, दोन-अडीच तास. पावणे पहिला अर्धा तास फोटो काढतात, मग रस पिऊन कंटाळतात. जे शेवटपर्यंत थांबतात त्यांना वाफ्यातला गरम गूळ मिळतो, पळसाच्या पानावर. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळं मात्र कमी होत चाललीत, आमच्या शिवारात आता हे एकच.

२२ नोव्हेंबर २०२५

तोडीची चिठ्ठी आली ती नेमकी शनिवारी, दोन्ही खोल्या भरलेल्या असताना. तोडीला नाही म्हणता येत नाही. पाळी चुकली तर पुढची कधी येईल देव जाणे, ऊस वाळतो, वजन घटतं. पावण्यांना काल रात्रीच फोन करून सांगितलं : पहाटे पाचपासून कोयत्यांचा आवाज, ट्रॅक्टर, धूळ. यायचं तर या, नाहीतर तारीख बदलून देते. एक कुटुंब आलं, एकानं तारीख बदलली.

टोळी बीडकडची. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या पडल्या. पाचटाच्या, आत वाकून जायचं, बाहेर तीन दगडांची चूल, पोरं तिथंच. माळावरच्या सोप्यातनं सरळ दिसतात. हे मला पहिल्यापासनं खुपत होतं आणि त्याला सोपं उत्तर काही सापडलं नाही. एवढं केलं : विहिरीवरचा नळ आणि घरामागचा संडास त्यांच्यासाठी उघडा, बंबातलं सकाळचं पहिलं पाणी त्यांच्या पोरांना. आणि पावण्यांना सांगितलं, कोयता चालू असलेल्या बाईचा फोटो तिला न विचारता काढायचा नाही. एका मुलीनं विचारलं. बाई म्हणाली, "काढा, पण मोळी डोक्यावर असताना नको."

दुपारी पावण्यांतल्या ताईंनी विचारलं, यांना किती मिळतं? मी टनाचा दर सांगितला. मग विचारलं, तुम्हाला किती? तेही सांगितलं, ३५५ रुपये क्विंटल यंदाची एफआरपी, त्यातनं वजावट. त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही. संध्याकाळी टोळीतल्या बायकांसोबत त्या भाकऱ्या थापायला बसल्या. एकही गोल झाली नाही.

३० नोव्हेंबर २०२५

फड रिकामा. पाचट पेटवायचं नाही, सरीत पसरून ठेवायचं, खोडव्याला, म्हणजे बुडख्यातनं पुन्हा फुटणाऱ्या उसाला, ओल धरून ठेवतं. बुडखे छाटायला उद्यापासनं दोन माणसं.

भाऊजींनी तिसऱ्या खोलीचा विषय काढला. डिसेंबरअखेरच्या सुट्ट्यांना मागणी आहे, रोज कोणाला तरी नाही म्हणावं लागतं. जागा एकच उरलीय, माळाचं दक्षिण टोक, जिथं आम्ही खळं करतो. भात तिथं झोडपतो, नाचणी वाळवतो, हरभरा मळतो. मामांनी विचारलं, "मग मळणी सोप्यात करायची व्हय?" भाऊजी म्हणाले, मशीन आणू. ह्यांनी विचारलं, वाळवायचं कुठं? आत्या मध्येच म्हणाल्या, आधी दुसऱ्या खोलीची पश्चिमेची भिंत बघा, खाली पोपडे सुटलेत.

पोपडे खरंच सुटलेत, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. गवंड्यांना निरोप दिलाय. ती खोली १० डिसेंबरपर्यंत बंद. गिलावा खरवडून, भिंत आठवडाभर उघडी वाळवून, मग चुन्याचा हात. ज्यांचं बुकिंग होतं त्यांना फोन झाले. तिसऱ्या खोलीचं यंदाचा हरभरा मळून झाल्यावर बोलू, असं ठरलं.